जॅकी कूगनचे पैसे कुठे गेले? मूकपटातला एक पोरगा आणि त्याच्या नावाचं खातं

रील्स आणि यूट्यूबवर झळकणाऱ्या लहान मुलांविषयी अमेरिकेतली एखादी बातमी वाचली, की त्यात ‘कूगन खातं’ हा शब्द हमखास भेटतो. १ जुलै २०२४ पासून इलिनॉय राज्यात आणि १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात नवे कायदे लागू झाले. ऑनलाइन व्हिडिओंमध्ये मूल दिसतं आणि त्यावर घरात पैसा येतो, तर त्यातला ठरावीक हिस्सा मुलाच्या नावे बाजूला ठेवा, असं हे कायदे सांगतात. बातमी तिथेच संपते. हा कूगन कोण आणि बँकेतल्या खात्याला त्याचं नाव का, हे कुणी सांगत नाही.

कूगन हा एक लहान मुलगा होता. शंभर वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये त्याचा चेहरा होता. दुधाचे दात पडायच्या वयात तो नट झाला आणि त्याने लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर ‘माझे पैसे कुठे आहेत?’ असं त्याने घरी विचारलं, तेव्हा त्याला कळलं की कायद्याने त्यातला एक डॉलरही त्याचा नव्हता. आज मुलांच्या कमाईवर जे काही नियम आहेत, त्यांची मुळं या एका घरातल्या भांडणात आहेत. म्हणून गोष्ट मुळापासून सांगतो.

## मूकपटात लहान मुलं एवढी चालली कशी?

मूकपट म्हणजे आवाज नसलेला सिनेमा. १९२० चं दशक संपत येईपर्यंत जगभर तोच होता. संवाद लागलाच तर पडद्यावर मजकुराची पाटी यायची, लोक ती वाचायचे आणि पुढचं दृश्य सुरू व्हायचं. थिएटरात पडद्याजवळ कुणीतरी वाजवायला बसायचं, आपल्याकडे पेटी-तबला, तिकडे पियानो.

आता शाळेचं स्नेहसंमेलन आठवा. स्टेजवर पहिलीतली मुलं नाचत असतात आणि विंगेत उभ्या बाई सगळ्या स्टेप्स स्वतः करून दाखवत असतात. मुलांची नजर प्रेक्षकांकडे कमी, बाईंकडे जास्त. मूकपटाच्या शूटिंगमध्ये दिग्दर्शकाला नेमकं हेच करता यायचं. आवाज टिपलाच जात नव्हता. त्यामुळे कॅमेरा फिरत असतानाही तो मोठ्याने सांगू शकायचा: इकडे बघ, आता दचक, आता धाव. चार-पाच वर्षांच्या पोराला संवाद पाठ करावे लागत नव्हते. नक्कल जमणारं, चेहऱ्यावर भाव चटकन उमटणारं मूल मिळालं की काम भागायचं.

दुसरं कारण भाषेचं. पाट्यांवरचा मजकूर बदलला की तोच सिनेमा पॅरिसमध्येही चालायचा आणि टोकियोतही. मुलाचं हसू-रडू कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एखादं पोर लोकांना आवडलं, की ते एकदम जगभर पोचायचं.

याचा सुंदर नमुना आपल्या घरचाच आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला होता दादासाहेब फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाचा बराचसा भाग आज पाहायला मिळतो. तो सुरू होतो तो कथेने नाही. आधी पाटी येते, की सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरच्या भावांचा हा अभ्यास आहे. मग थेट मंदाकिनी. कॅमेरा तिच्या तोंडासमोर, आणि ती एकामागून एक भाव दाखवत जाते. हळूहळू तोच चेहरा कृष्णाच्या चेहऱ्यात विरघळतो. वडिलांनी आधी प्रेक्षकांना आपली लेक दाखवली आणि मग देव दाखवला. मी ते दृश्य कितीतरी वेळा पाहिलंय, आणि दर वेळी त्या पोरीचा आत्मविश्वास पाहून थक्क होतो.

फाळक्यांकडे सिनेमा हा सगळ्या घराचा उद्योग होता. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई राबत होत्या. घरच्या कार्यात घरच्या लेकीने हातभार लावावा, तसं मंदाकिनीचं काम होतं. पण पैसे देणारी कंपनी बाहेरची असेल, ती आठवड्याला चेक लिहीत असेल, आणि राबणारं मूल सात वर्षांचं असेल, तर चेक कुणाचा? हा प्रश्न हॉलिवुडमध्ये उभा राहिला.

## चॅप्लिनला तो कसा सापडला?

जॉन लेस्ली कूगन ऊर्फ जॅकीचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४ चा, लॉस एंजेलिसचा. आईवडील दोघंही रंगमंचावरचे. नाच, नकला, गाणी, जादू असं सगळं एकाच खेळात दाखवणारी नाट्यगृहं तेव्हा अमेरिकेत गावोगाव होती. जॅकीचे वडील अशाच खेळांत नाचायचे. १९१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम थिएटरात त्यांच्या नाचाच्या शेवटी हे पोरगं स्टेजवर आलं आणि त्याने वडिलांची हुबेहूब नक्कल केली. प्रेक्षकांत चार्ली चॅप्लिन बसला होता.

चॅप्लिनसाठी ते वर्ष वाईट होतं. जुलैमध्ये त्याचं पहिलं मूल जन्मलं आणि तीन दिवसांत गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने एका टाकून दिलेल्या मुलाची कथा हाती घेतली. रस्त्यावरचा एक फाटका माणूस अनाथ पोराला वाढवतो, एवढीच ती कथा. ‘द किड’ १९२१ च्या सुरुवातीला लागला आणि सहा वर्षांचा जॅकी रातोरात प्रसिद्ध झाला.

त्यातला एक प्रसंग सांगतो, म्हणजे हा मुलगा काय चीज होता ते कळेल. चॅप्लिन फुटलेल्या खिडक्यांना काचा बसवून पोट भरतो. धंदा यावा म्हणून जॅकी पुढे जाऊन लोकांच्या खिडक्या दगड मारून फोडतो, आणि मागून काचवाला ‘योगायोगाने’ हजर होतो. एका खिडकीवर नेम धरून जॅकी हात मागे घेतो आणि तो हात लागतो मागे येऊन उभ्या राहिलेल्या पोलिसाला. जॅकी वळतो, वर बघतो. दगड हातातच आहे. तो दगड हवेत उडवून झेलतो, जणू मघापासून हाच खेळ चालला होता, मग हळूच टाकून देतो आणि पळत सुटतो. मोठ्या नटाला ही निरागसता ठरवून आणावी लागली असती.

## ‘मुलं तर खेळतच असतात, त्यात काम कसलं?’

हा पहिला आक्षेप, आणि आजही तो तितक्याच सहज घेतला जातो. कॅमेऱ्यासमोर हसायचं, बागडायचं, यात कष्ट कुठले? त्याचं उत्तर याच चित्रपटाच्या दुसऱ्या प्रसंगात आहे.

अनाथालयाची माणसं पोराला घेऊन जायला येतात. त्याला उचलून उघड्या ट्रकमध्ये टाकतात. जॅकी दोन्ही हात पसरून रडतो, विनवतो, त्याचं सगळं अंग थरथरतं. चॅप्लिन छपरांवरून धावत ट्रक गाठतो, पोराला छातीशी घेतो. शंभर वर्षांनीही हे दृश्य पाहताना घशात आवंढा येतो.

ते रडू आलं कसं, हे चॅप्लिनने आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय. पोरगं खेळकर मूडमध्ये होतं, काही केल्या रडेना. तेव्हा वडील म्हणाले, मी रडवतो. त्यांनी मुलाला दम दिला, की रडला नाहीस तर तुला खरोखरच्या अनाथालयात पाठवू. जॅकी हमसून हमसून रडू लागला. दृश्य झाल्यावर चॅप्लिनने त्याला कुशीत घेऊन धीर दिला, तेव्हा पोरगं हळूच म्हणालं, की बाबा गंमत करत होते हे मला ठाऊक होतं.

चॅप्लिनने हा किस्सा मुलाचं कौतुक म्हणून सांगितला. मला मात्र त्या शेवटच्या वाक्यात एक मूल दिसतं. ते आधी घाबरलंय आणि मग मोठ्यांना बरं वाटावं म्हणून आपली भीती आवरतंय. माझं वाचन चुकीचंही असेल. पण पाच वर्षांच्या पोराला पुरता घाबरवून कॅमेरा चालू ठेवणं याला खेळ म्हणता येत नाही. आणि हे एकदाच घडत नसे. चॅप्लिन मनासारखं होईपर्यंत तेच दृश्य पुन्हा पुन्हा घ्यायचा. पडद्यावर जेवढी फिल्म दिसते, त्याच्या पन्नासपटीहून जास्त त्याने खर्च केली होती.

त्याच काळातल्या एका मुलीचं उदाहरण याहून कठोर आहे. पेगी-जीन माँटगोमेरी, पडद्यावर ‘बेबी पेगी’. जन्म १९१८ चा. दीड वर्षाची असताना ती स्टुडिओत दिसली आणि पाच-सहा वर्षांची होईपर्यंत तिचे दीडशेच्या आसपास छोटे विनोदी चित्रपट झाले होते. रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस काम. पुढे मोठेपणी तिने लिहून ठेवलं, की एका दृश्यासाठी तिला श्वास कोंडून शुद्ध हरपेपर्यंत पाण्याखाली धरलं होतं, तर दुसऱ्यात पेटलेल्या खोलीतून ती स्वतःच खिडकीवाटे कशीबशी बाहेर पडली. याला काम म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

## पैसा किती होता?

‘द किड’नंतर जॅकीचे चित्रपट धडाक्याने येऊ लागले. १९२२ मध्ये तो ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ झाला. १९२३ मध्ये मेट्रो कंपनीने त्याला आपल्याकडे ओढलं, तेव्हा करारावर सही करण्याचाच बोनस ५ लाख डॉलर होता. बाहुल्या, शिट्ट्या, पीनट बटरचे डबे, सगळ्यांवर जॅकीचा चेहरा. लहानपणातली त्याची एकूण कमाई ३० ते ४० लाख डॉलरच्या घरात धरली जाते. तो काळ असा, की साध्या कामगाराला दिवसभर राबून काही डॉलर मिळायचे.

त्या कमाईतून मुलाच्या हातात काय यायचं? आठवड्याला सव्वासहा डॉलर खाऊचे पैसे.

१९२४ चा उन्हाळा मला या गोष्टीत सगळ्यात जास्त चटका लावून जातो. पहिल्या महायुद्धानंतर आर्मेनियन आणि ग्रीक अनाथ मुलांसाठी ‘निअर ईस्ट रिलीफ’ नावाची संस्था मदत गोळा करत होती. तिच्यासाठी नऊ वर्षांचा जॅकी अमेरिका आणि युरोपभर फिरला. दूध, धान्य, कपडे अशी १० लाख डॉलरहून अधिक किमतीची मदत त्याच्या नावावर उभी राहिली. रोममध्ये पोप त्याला भेटले. जगभरच्या मुलांच्या दुधाची सोय करत हिंडणाऱ्या त्या पोराच्या स्वतःच्या नावे त्या वेळी कायद्याने काहीच नव्हतं.

## ‘पण हे तारे बोलपटामुळेच विझले ना?’

असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते अर्धवट खरं आहे. बोलपट आले तेव्हा कित्येक मोठ्या नटांचे आवाज त्यांच्या आड आले. बालकलाकारांचा शत्रू मात्र वेगळा होता, आणि तो त्यांच्याच अंगात होता. ती वाढत होती.

जॅकीची ओळख म्हणजे कपाळावर झुलपं आलेला मोठ्या केसांचा, मोठ्या डोळ्यांचा गोडुला. १९२७ मध्ये त्याचा केस कापण्याच्याच नावाचा चित्रपट आला. आपल्याकडे जावळ काढतात तेव्हा घरात कौतुक असतं. इथे मात्र त्या झुलपांवर सगळं दुकान उभं होतं. बारा-तेरा वर्षांचं पोर आता अनाथ बाळ म्हणून कुणाला पटणार? पहिला बोलपट त्याला मिळालाही, १९३० मध्ये तो टॉम सॉयर झाला आणि चित्रपट चालला. तरी पुढे कामं आटत गेली.

पेगीचं तर आवाजाशी काही देणंघेणंच नव्हतं. वडिलांचं निर्मात्याशी बिनसलं आणि सातव्या वर्षाच्या आसपास तिचं सिनेमातलं करिअर संपलं. मुलाचं करिअर चालवणारे आणि मोडणारे दोन्ही हात मोठ्यांचेच होते. मग घर चालवण्यासाठी ती नाट्यगृहांच्या फिरत्या खेळांत उतरली. १९२३ मध्ये जिच्याशी वर्षाला १५ लाख डॉलरचा करार झाल्याची चर्चा होती, तिच्या घरात काही वर्षांत काहीच शिल्लक नव्हतं.

## एकविसावं वर्ष

तेव्हा अमेरिकेत सज्ञान होण्याचं वय २१ होतं. जॅकीची समजूत होती, की वडील त्याचे पैसे त्याच्यासाठी सांभाळून ठेवताहेत. ४ मे १९३५ ला मेक्सिकोतून शिकारीहून परतताना सॅन दिएगो परगण्यात त्यांची गाडी रस्ता सोडून खाली कोसळली. वडील गेले, जॅकीचा मित्र असलेला तरुण नट ज्युनियर डर्किन गेला, आणखी दोघे गेले. वाचला एकटा जॅकी. तो सज्ञान व्हायला सहा महिनेही उरले नव्हते.

पुढे आईने त्यांचे आर्थिक व्यवहार पाहणाऱ्या आर्थर बर्नस्टाइनशी लग्न केलं. जॅकीने पैशांविषयी विचारलं तेव्हा उत्तर आलं, की एकविसाव्या वर्षाआधी मुलाने कमावलेलं सगळं आईबापांचं असतं. एप्रिल १९३८ मध्ये त्याने आई आणि सावत्र वडिलांवर खटला भरला. एका मुलाने स्वतःच्या आईला कोर्टात खेचलं म्हणून वर्तमानपत्रं भरून गेली.

आणि धक्का देणारी गोष्ट ही, की कायदा आईच्या बाजूने होता. कॅलिफोर्नियातल्या तेव्हाच्या दिवाणी कायद्यानुसार अज्ञान मुलाच्या मेहनतीवर आणि कमाईवर आईबापांचाच हक्क होता. शेतावर राबणाऱ्या, दुकानात हाताखाली असणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला तो जुना नियम. बैलगाडा शर्यतीत धावतो बैल आणि बक्षिसाची ढाल लागते मालकाच्या भिंतीवर, तसंच हे. जॅकीच्या वाट्याला वर्षभराने तडजोडीत आले सुमारे १ लाख २६ हजार डॉलर. मूळ कमाईतलं शिल्लकच जेमतेम अडीच लाख डॉलर उरलं होतं, त्यातला हा वाटा.

## मग कायदा काय झाला? सातबाऱ्यावरून समजून घेऊ

लोक चिडले. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांसाठी कायदा केला. सगळे त्याला ‘कूगन कायदा’च म्हणतात.

त्याचा गाभा समजायला गावाकडचा सातबारा पुरे. वडील वारले आणि मुलगा लहान असला, की उताऱ्यावर जमीन मुलाच्या नावे लागते आणि पुढे लिहितात, अ. पा. क. आई. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे आई जमीन कसेल, राखेल, पण मालक मूलच. उद्या सज्ञान झालं की ‘अ. पा. क.’ हा शेरा कमी होतो आणि जमीन त्याच्या हातात येते. जमिनीबाबत जे आपल्या गावच्या तलाठ्यालाही ठाऊक असतं, ते मजुरीबाबत अमेरिकेतल्या कायद्यात १९३९ पर्यंत नव्हतं. कूगन कायद्याने मुलाच्या पगाराच्या एका भागापुढे असा शेरा लिहिण्याची सोय केली. त्याला विश्वस्त खातं म्हणतात: पैसा मुलाचा, राखण दुसऱ्याची, आणि सज्ञान होईपर्यंत कुणालाही हात लावता येत नाही.

## ‘कायदा झाला, मग प्रश्न मिटला असेल’

नाही मिटला. त्या पहिल्या कायद्यात मोठं भगदाड होतं. अज्ञान मुलाने केलेला करार पुढे मोडता येतो, म्हणून मोठे स्टुडिओ दीर्घ मुदतीच्या करारांवर कोर्टाची मंजुरी घ्यायचे. कोर्ट अशी मंजुरी देताना कमाईचा निम्म्यापर्यंत भाग बाजूला ठेवायला सांगू शकत होतं. सांगू शकत होतं, सांगायलाच हवं असं नव्हतं. छोट्या कामांचे करार कोर्टापर्यंत जायचेच नाहीत. आणि कोर्टाने सांगितलं तरी पैसे भरायचे कुणी? पुष्कळदा आईबापांनीच.

बोलपटाच्या काळातली सर्वांत मोठी बालतारका शर्ली टेंपल. तिने आपल्या आठवणींत लिहिलंय, की ३२ लाख डॉलरच्या कमाईतून तिच्या हाती लागले सुमारे ४४ हजार. कोर्टाने भरायला सांगितलेली रक्कम वडिलांनी भरलीच नव्हती.

खरी दुरुस्ती व्हायला २००० साल उजाडलं. तेव्हापासून कॅलिफोर्नियात मुलाच्या एकूण कमाईतले १५ टक्के थेट काम देणाऱ्या कंपनीने मुलाच्या खात्यात भरायचे असतात. मॅनेजरचं कमिशन, प्रवास, कपडे वजा करून उरलेल्याचे १५ टक्के नाही, एकूण रकमेचे. आणि मुलाची कमाई ही मुलाची स्वतःची मालमत्ता आहे असं कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं. जॅकीला जे हवं होतं ते हे एक वाक्य. ते लिहायला त्याच्या खटल्यानंतर ६० हून जास्त वर्षं लागली.

## ‘आईबापांनीही कष्ट केलेच ना? त्यांचा वाटा नको?’

हा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. मुलाला शूटिंगला नेणारी आई नोकरी सोडते, लोकलमधून फिरते, ऑडिशनच्या रांगेत तासन्‌तास उभी राहते. तिच्या वेळेला किंमत नाही का?

आहे. कुठलाच कायदा सगळी कमाई गोठवत नाही. कॅलिफोर्नियात १५ टक्के बाजूला पडल्यावरही ८५ टक्क्यांतून घर, शिक्षण, प्रवास, आईचा वेळ, सगळं भागवता येतं. पालकाला मानधन हवं असेल तर ते उघडपणे, आकडा लिहून घ्यावं. जॅकीचे आईवडील त्याच्यावर प्रेम करत नव्हते, असं मला वाटत नाही. वडिलांनीच त्याला घडवलं, त्याच्या कामांची आखणी केली. पण त्या घरात कुणाचा पैसा किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रेमाच्या माणसाकडे हिशेब मागणं आपल्याकडेही वाईट दिसतं, आणि आठ वर्षांचं मूल तर तो कधीच मागणार नाही. म्हणून तो बाहेरच्या कुणीतरी लिहून ठेवायचा.

## जॅकीचं पुढे काय झालं?

कटू होऊन तो कोपऱ्यात बसला नाही. १९४१ मध्ये तो सैन्यात गेला आणि ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, चालवायला शिकला. डिसेंबर १९४३ मध्ये त्याची तुकडी भारतात आली. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसाममधल्या लालाघाटच्या धावपट्टीवरून ब्रह्मदेशाच्या जंगलात, जपान्यांच्या पिछाडीला, चिंडिट म्हणजे शत्रूच्या मागे जाऊन लढणाऱ्या ब्रिटिश फौजेतले सैनिक उतरवण्यात आले. त्या ग्लायडर वैमानिकांत जॅकी कूगन होता. चॅप्लिनच्या ट्रकमधलं ते पोर अंधारात झाडांमधल्या मोकळ्या पट्ट्यावर सैनिक उतरवत होतं.

युद्धानंतर मिळतील ती छोटी-मोठी कामं. १९६४ मध्ये टीव्हीवर ‘द ॲडम्स फॅमिली’ सुरू झाली आणि त्यातला टकला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला अंकल फेस्टर घराघरांत पोचला. तो जॅकीच होता. ज्याच्या केसांवर एकेकाळी अमेरिका फिदा होती, त्याला दुसऱ्यांदा लोकांनी डोक्यावर घेतलं ते तुळतुळीत टक्कल करून. १ मार्च १९८४ ला तो गेला. बेबी पेगी त्याच्यानंतर ३६ वर्षं जगली. डायना सेरा केरी या नावाने तिने बालकलाकारांच्या आयुष्यावर पुस्तकं लिहिली, त्यांच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १०१ व्या वर्षी गेली.

## आपल्याकडे नियम काय?

आहेत, आणि ते पुष्कळ पालकांना माहीतच नसतात. बालमजुरीविरोधी कायदा १९८६ चा. २०१६ मध्ये तो कडक झाला, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली. दोन गोष्टी वगळल्या: शाळा सांभाळून घरच्या कामधंद्याला मदत, आणि सिनेमा-मालिका-जाहिरातींतला अभिनय. अभिनयासाठी २०१७ च्या नियमांनी अटी घातल्या.

मुलाला दिवसाला पाच तासांहून जास्त राबवायचं नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काम नाही. शाळा बुडता कामा नये. शूटिंगआधी निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्या कलेक्टरांची परवानगी घ्यायची. आणि पैशांची अट: मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट भरायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतील.

कॅलिफोर्नियाच्या १५ पेक्षा आपले २० टक्के जास्त आहेत, हे वाचून मला खरंच बरं वाटलं. अडचण अंमलाची आहे. मालिकेच्या सेटवर कुणीतरी घड्याळ बघेल, अशी थोडी तरी आशा असते. घरात मोबाइल स्टँडवर लावून रील करताना कोण बघणार? तिथे आईच दिग्दर्शक, बाबाच कॅमेरामन, आणि पैसे येतात ते आईच्याच खात्यात. हे घरच्या धंद्याला हातभार की कलाकाराचं काम, याचं स्पष्ट उत्तर कायद्यात सापडत नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या मसुद्यात समाजमाध्यमांचाही विचार केला. तरी घरोघरच्या मोबाइलपर्यंत तो पोचायला वेळ लागेल.

कुणा ओळखीच्यांच्या मुलाला जाहिरात किंवा मालिका मिळाली तर अभिनंदनाबरोबर दोन गोष्टी विचारा. परवानगीचा कागद निर्मात्याने दाखवला का? आणि २० टक्क्यांच्या ठेवीची पावती कधी मिळणार, त्यावर नाव कुणाचं? रील्सच्या बाबतीत तर कुणाची वाट बघायचीही गरज नाही. पहिल्या जाहिरातीचे पैसे आले त्याच आठवड्यात बँकेत जाऊन मुलाच्या नावे ठेव उघडता येते. फॉर्मवर पालक म्हणून आईची सही, आणि खातेदाराच्या रकान्यात मुलाचं नाव.